हेल्परचा सुपरवायझर झालात? मग पहिले तीन महिने असे काढा

आपल्या बेळगावच्या उद्यमबागेत, या कारखान्यांच्या वसाहतीत, माणूस सुपरवायझर कसा होतो? शनिवारी पगार वाटून झाला की मालक केबिनमध्ये बोलावतात, चहा मागवतात आणि म्हणतात, "सोमवारपासून दुसरी शिफ्ट तू बघ." झालं. शिकवणी नाही, कागद नाही. पुढचे सहा महिने तुमचं काय चुकतंय ते मात्र सगळे सांगतात.

मी असाच झालो. आधी मोल्डिंगला, म्हणजे वाळूचे साचे भरायला, हेल्पर, मग मोल्डर, मग सुपरवायझर. फाउंड्रीतच, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातच, आयुष्य गेल्यामुळे उदाहरणं तिथलीच देतो. पण मच्छे, होनगा, काकतीकडच्या मशीन शॉपमध्ये, वडगाव-शहापूरच्या मागावर किंवा एखाद्या सोसायटीच्या कार्यालयात दहा माणसं तुमच्या हाताखाली असली तरी फार वेगळं काही होत नाही. पुढारपण वगैरे शब्द मोठे आहेत. रोजच्या कामात त्याचा अर्थ एवढाच की तुम्ही सांगितलेलं होतं का, आणि झालं नाही तर तुम्हाला ते वेळेत कळतं का.

पहिला आठवडा: काहीही बदलू नका

खुर्ची मिळाली की हात शिवशिवतात. हे रॅक इकडे घ्या, ती वेळ बदला. थांबा. पहिल्या आठवड्यात एक वही घ्या, खिशात मावेल अशी, आणि फक्त एक गोष्ट लिहा: कोण कशाची वाट बघत उभा आहे.

मी लिहिलं तेव्हा पहिल्याच दिवशी फेटलिंगचा, म्हणजे ओतलेला माल साफ करणारा, माणूस 40 मिनिटं ट्रॉलीची वाट बघत होता. ट्रॉली दोन होत्या, त्यातल्या एकीचं चाक तुटून महिना झाला होता. कोअर, म्हणजे साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा, बनवणारा पोरगा पेटीसाठी थांबलेला, मोल्डर कोअरसाठी थांबलेला. दुरून बघितलं तर सगळे तंबाखू मळत उभे आहेत असं दिसतं, आणि मालकाला काचेतून तेवढंच दिसायचं. ट्रॉलीचं चाक 200 रुपयांत बसलं. त्या एका चाकाने मला जी पत मिळवून दिली ती दहा भाषणांनी मिळाली नसती. हा आपली अडचण बघतो, हे पोरांना कळलं.

म्हणून आठवड्याच्या शेवटी वहीतल्या तीन अडचणी निवडा. तीनच. ज्या तुमच्या अधिकारात आणि थोड्या पैशात सुटतील अशा. त्या आधी सोडवा, मग माणसांना चार गोष्टी सांगा. टिळकवाडीतली काँग्रेस विहीर बघितली असेल. 1924 च्या डिसेंबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, गंगाधरराव देशपांडे यांनी ते उभं केलं, आणि माणसं जमायच्या आधी पाण्याची सोय म्हणून ती विहीर खोदली गेली. तिसऱ्या रेल्वे गेटच्या गर्दीत अडकलो की मला ती विहीर आठवते. भाषण ठरवायच्या आधी पाण्याचं बघणारी माणसं होती ती.

सांगणं: निम्मं काम इथेच बिघडतं

इथे जरा थांबून वाचा, कारण मी सगळ्यात जास्त इथेच आपटलोय.

आपल्याकडे एका शिफ्टमध्ये तीन भाषा असतात. मराठी, कन्नड, आणि उत्तरेकडून आलेल्या पोरांची हिंदी. सुपरवायझर झालो त्याच्या दुसऱ्या महिन्यात संध्याकाळी एका मोल्डरमामांना म्हटलं, उद्याच्या हीटसाठी, म्हणजे भट्टीतलं लोखंड ओतण्यासाठी, साच्याच्या 30 पेट्या भरून ठेवायच्या आहेत. मामा म्हणाले, "आत्रि." मला कन्नड तेव्हा कामापुरतंच येत होतं. मी समजलो, झालं. वरती सांगून टाकलं की पेट्या तयार आहेत. सकाळी येऊन बघतो तर 11 पेट्या. मामांचं काही चुकलं नव्हतं. "आत्रि" म्हणजे "झालं" हे खरं, पण "बरं, करतो" याही अर्थी माणसं तेच म्हणतात. आमच्या मराठीतलं "करतो की" काय आणि हिंदीतलं "हो जाएगा" काय, तीच जात. तीन भाषांत होकार देऊन झाला, आणि तारीख एकातही नाही.

तेव्हापासून मी काम सांगताना चार गोष्टी सोडत नाही.

पहिली, नाव. "कुणीतरी वाळू बघा रे" म्हणालात तर ती वाळू कुणीच बघत नाही. एका कामाला एकच माणूस, त्याच्या डोळ्यात बघून.

दुसरी, आकडा. "जरा जास्त भर" नको, "30 भर" म्हणा. "नीट साफ कर" नको, "रनरचा बुंधा हाताला लागता कामा नये" म्हणा. रनर म्हणजे साच्यात लोखंड जायची वाट.

तिसरी, वेळ. "आज" हा शब्द माझ्या शब्दकोशातून मी काढून टाकलाय. दुपारच्या जेवणाआधी, पाचच्या चहाआधी, शिफ्ट सुटायच्या आत असं सांगतो. घड्याळापेक्षा जेवणाची आणि चहाची वेळ माणसाच्या लक्षात राहते.

चौथी, त्याच्या तोंडून परत ऐकणं. हे सगळ्यात अवघड, कारण "कळलं का?" विचारलं की सगळे "होय" म्हणतात. मी विचारतो, "मामा, आता आधी काय घेताय?" ते सांगतात, त्यात चूक असली तर तिथेच कळते. परीक्षा घेतोय असं वाटू देऊ नका. विचारायचं ते सहज, निघता निघता.

कन्नड शिका. भाषेचं राजकारण बाजूला ठेवून सांगतोय, शिका. "एष्टु?", "यावाग?", "याक?" म्हणजे किती, कधी, का, या तीन शब्दांवर माझं पहिलं वर्ष निभावलं. आणि दुपारी "ऊटा आत्रि?" विचारायला विसरू नका. जेवण झालं का, एवढंच. माझ्या तोंडून मोडकं कन्नड ऐकून मामा हसायचे आणि मग त्यांच्या मोडक्या मराठीत उत्तर द्यायचे. दोघांचं सारखंच मोडकं असलं की कुणी लाजत नाही.

नवीन काम शिकवताना

सांगणं वेगळं आणि शिकवणं वेगळं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या कारखान्यांत अनुभवी कामगार कमी पडले, तेव्हा नवख्यांना भराभर तयार करायला टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाची पद्धत निघाली. युद्धानंतर ती जपानात गेली आणि तिथे चांगलीच रुजली. तिच्या चार पायऱ्या आहेत: माणसाची मनाची तयारी करा, काम करून दाखवा, त्याच्याकडून करून घ्या, नंतर येऊन बघत राहा.

वाळूचंच बघू. ओल्या वाळूच्या मोल्डिंगमध्ये वाळूतलं पाणी साधारण साडेतीन टक्क्यांच्या आसपास लागतं. जास्त झालं तर ओतलेल्या लोखंडाच्या उष्णतेने वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही की मालात पोकळ भोकं राहतात, त्यालाच आपण ब्लोहोल म्हणतो. हे पोराला असं सांगून उपयोग नाही. त्याला मिक्सरपाशी न्या. आधी विचारा, तुला काय माहीत आहे? मग वाळू मुठीत घ्या, घट्ट दाबा, मूठ उघडा. बोटांचे ठसे स्वच्छ उमटले पाहिजेत. मग गोळा मधोमध मोडा. कड धारदार राहिली तर बरी. भुगा झाला तर पाणी कमी, तळहाताला चिखल चिकटला तर जास्त. एकदा न बोलता करून दाखवा, एकदा बोलत करा. मग त्याला करू द्या, आणि करताना त्यालाच बोलायला लावा. हात चालतो पण तोंड अडतं, तिथे त्याला समजलेलं नाही असं धरा. पहिल्या दिवशी दर तासाला बघा, दुसऱ्या दिवशी दोनदा, आठवड्याने एकदा.

बहुतेक सुपरवायझर चौथी पायरी खातात. मीही खाल्ली आहे, त्याची गोष्ट पुढे येतेच.

फळा आणि दहा मिनिटं

शिफ्ट सुरू होताना उभ्या उभ्या दहा मिनिटं. बसलात की अर्धा तास जातो. काल किती ठरलं, किती झालं, आज किती, अडचण काय. एक फळा, खडू आणि प्रत्येक कामापुढे एक नाव. कालचा आकडा कमी असेल तर तोच लिहा, पुसून गोड करू नका. या दहा मिनिटांत कुणाला झापायचं नाही, हा नियम स्वतःला घाला.

तुमचा स्वतःचा वेळ

थोडक्यात सांगतो, कारण यावर लोक उगाच पाल्हाळ लावतात. सकाळी कामावर येण्याआधी वहीत तीन कामं लिहा, जी तुमच्याशिवाय कुणी करणार नाही. बाकीच्यांपुढे दुसऱ्याचं नाव घाला. व्हॉट्सअ‍ॅपचा ग्रुप तासाला एकदाच उघडा. पेटलेली भट्टी आणि माणसाची दुखापत सोडली तर तासभर थांबू शकत नाही असं फार काही नसतं. आणि जे काम तिसऱ्यांदा वहीच्या पुढच्या पानावर जातंय ते एक तर आजच करा, नाहीतर करणार नाही असं ज्याचं आहे त्याला सांगून टाका. भिजत घोंगडं ठेवण्यापेक्षा नकार बरा.

कालपर्यंतचे दोस्त

कालपर्यंत ज्यांच्या खांद्यावर हात टाकून वडापाव खाल्ला, त्यांना आज काम सांगायचं. कुणी मुद्दाम "साहेब" म्हणून चिडवतो, कुणी गप्प होतो. दोन चुका इथे होतात: एक, कडक दिसण्यासाठी पहिल्याच आठवड्यात जवळच्या मित्राला सगळ्यांसमोर झापणं. दुसरी, त्याला सांभाळून घेत घेत त्याचं काम स्वतः करणं. मी दुसरी केली. दोन महिने रोज संध्याकाळी मित्राची राहिलेली मोजणी मीच पूर्ण करायचो. मग एक दिवस एका हिंदी बोलणाऱ्या पोराने सरळ विचारलं, "सर, उनका काम आप करते हो, मेरा भी करोगे?" काय उत्तर देणार?

मित्राला कामाच्या वेळेबाहेर, चहा पाजून, एकट्याला सांगा: मी बदललो नाही, पण हिशोब आता माझ्याकडून मागतात. तुझं काम तू कर, बाकी आपण आहोतच. एकदाच सांगा. पुन्हा पुन्हा सांगितलं की गयावया होते.

आणि वयाने मोठ्या माणसाला नावाने हाक मारू नका, पद काही का असेना. मामा, काका, अण्णा, अक्का, जे कालपर्यंत म्हणत होता तेच म्हणा. मान तसाच ठेवूनही आकडा मागता येतो.

चूक दाखवायची तर चुकीच्या शेजारी उभं राहून दाखवा, माणसाकडे बोट करून नको. तो तुकडा हातात घ्या, दोघांनी मिळून तुकड्याकडे बघा. कौतुक मात्र चारचौघांत, आणि नेमकं. "छान काम" याला काही किंमत नाही. "मामा, परवाच्या 60 मध्ये एकही परत आला नाही" याला आहे.

वाईट बातमी वर कशी न्यायची

आता ती पावसाळ्याची गोष्ट. जुलै होता. आपल्याकडचा जुलै तुम्हाला ठाऊक आहे, खानापूरच्या बाजूने सुरू झाला की चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. मी भट्टीजवळून जाता जाता ओरडलो, "अरे वाळूचं पाणी बघा, हवा ओली आहे." तिघांनी मान हलवली. नाव नाही, वेळ नाही, परत जाऊन बघणं नाही. दुसऱ्या दिवशी शॉट ब्लास्टमधून, म्हणजे माल साफ करायच्या मशीनमधून, माल निघाला तेव्हा 64 पैकी 38 तुकड्यांना ब्लोहोल.

ही झाली पहिली चूक. दुसरी तिच्याहून मोठी. सकाळी 11 ला मला आकडा कळला होता. मी मालकांना सांगितलं संध्याकाळी 5 ला. मधले सहा तास मी काय केलं? 38 पैकी काही दुरुस्त होतात का ते बघितलं, कुणावर ढकलता येईल का याचाही विचार केला, खोटं कशाला बोलू. पाचला गाडी पुण्याला निघायची होती, ट्रान्सपोर्टवाला फाटकात उभा. मालक रागावले ते ब्लोहोलवर नाही. "अकराला सांगितलं असतंस तर गिऱ्हाईकाला फोन करून गाडी उद्यावर ढकलली असती," एवढंच म्हणाले आणि आत गेले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता मी वाईट बातमी पहिल्या अर्ध्या तासात सांगतो, चार वाक्यांत: काय झालं, किती झालं, मी आत्तापर्यंत काय केलं, तुमच्याकडून काय हवं. "साहेब, 64 पैकी 38 ब्लोहोलमध्ये गेले. वाळू थांबवलीय, ताज्या वाळूवर पुन्हा मोल्डिंग चालू केलंय. 26 चांगले आहेत. गाडी आज 26 घेऊन पाठवू की उद्या पूर्ण पाठवू, तेवढं गिऱ्हाईकाशी बोलून सांगा." कुणाची चूक हे त्यात नाही. विचारलं तर सांगा, "शिफ्ट माझी होती."

हाच नियम खालच्यांनाही लागू करायचा असेल तर एक पथ्य पाळावं लागतं. जो माणूस स्वतःहून येऊन चूक सांगतो त्याला त्या क्षणी ओरडायचं नाही. एकदा जरी ओरडलात तरी पुढची चूक तुम्हाला शॉट ब्लास्टमध्येच दिसेल.

"कुणी?" ऐवजी "का?"

टोयोटाच्या कारखान्यांतून एक साधी सवय जगभर गेली: बिघाड झाला की पाच वेळा "का" विचारायचं. आमच्या 38 तुकड्यांना मी ती लावून बघितली. ब्लोहोल का? वाळूत पाणी जास्त. जास्त का? मिक्सरला नेहमीइतकंच पाणी घातलं, पण वापरलेली वाळू आधीच ओली होती. ओली का? ढिगावर पाणी ठिबकत होतं. का? वरचा पत्रा वाऱ्याने सरकला होता. मग कुणी बसवला का नाही? कारण छप्पर कुणाच्याच नावावर नव्हतं. मोल्डिंगवाल्याला वाटलं मेंटेनन्सचं काम, मेंटेनन्सवाल्याला कुणी सांगितलंच नाही.

"कुणी?" विचारलं असतं तर मिक्सरवरचा पोरगा सापडला असता, त्याची हजेरी कापली असती, आणि पुढच्या पावसात पत्रा तसाच सरकला असता. फळ्यावर आता एक ओळ कायम असते: छप्पर, दर सोमवारी, आणि पुढे एक नाव. पाच हा आकडा मंत्र नाही. कधी तिसऱ्या "का"लाच मुळापर्यंत पोचता. पण उत्तर "लक्ष दिलं नाही" असं आलं तर समजा अजून वरवरच खणताय.

रजेचं कॅलेंडर

हे बाहेरच्या मॅनेजरांना कळत नाही, आपल्याला कळायला हवं. आपले निम्मे कामगार शेतकरीही आहेत. जून-जुलैत भाताची रोपलागण आली की कडोली, उचगाव, येळ्ळूरकडची माणसं रजा टाकणारच, तुम्ही "हो" म्हणा की "नाही". गणपती आहेत, विसर्जनाच्या रात्रभराच्या मिरवणुकीनंतर सकाळी कुणाच्या हातात भट्टीची कळ देणार आहात? वैशाखातल्या शिवजयंतीला चित्ररथांची रात्र असते. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेला जाणारे ठरलेले असतात. गावोगावच्या जत्रा वेगळ्याच.

म्हणून जानेवारीतच वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावा आणि प्रत्येकाला त्याचे दिवस त्याच्या हाताने खुणवायला सांगा. एका दिवशी जास्तीत जास्त किती जण, ते आधी जाहीर करा. टक्कर झाली तर ती त्यांनी आपापसात सोडवायची. लागणीच्या दिवसांत मालाची ऑर्डर थोडी कमी घ्या असं वरती एप्रिलमध्येच सांगून ठेवा. जादा थांबवलंत तर ओव्हरटाइम कायद्याप्रमाणे दुप्पट दराने मिळेल हे स्वतः बघा, आणि तो त्याच महिन्याच्या पगारात आला का तेही.

1 नोव्हेंबरचं एक वेगळं. 1956 साली राज्यांची पुनर्रचना झाली तो दिवस, कुणासाठी राज्योत्सव, कुणासाठी काळा दिन. तुमच्या शिफ्टमध्ये दोन्ही बाजूंची माणसं आहेत. तुमचं मत तुम्ही मराठी माणूस म्हणून जरूर ठेवा, पण फाटकाच्या आत त्या दिवशी सुपरवायझरच्या तोंडून ना टोमणा निघावा ना विनोद. माझ्या भट्टीवर दोघांचा जीव एकाच लॅडलवर, म्हणजे वितळलेलं लोखंड न्यायच्या भांड्यावर, असतो. एकाने आवाज दिला आणि दुसऱ्याने रागापोटी ऐकलं नाही, तर ओतणाऱ्याच्या पायावर लोखंड सांडायला वेळ लागत नाही.

तीन महिने झाल्यावर: एक दिवस गायब व्हा

शेवटचं काम. तिसरा महिना संपताना एक दिवस रजा घ्या, सण-बिण नसलेल्या साध्या बुधवारी. आदल्या दिवशी फळा कोण लिहिणार, वाळू कोण बघणार, गाडी कोण भरणार, ही तीन नावं ठरवा आणि फोन घरात ठेवून शेताकडे जा. दुसऱ्या दिवशी येऊन काय अडलं ते वहीत लिहा. जे जे अडलं ते तुम्ही अजून कुणाला शिकवलेलं नाही. पुढच्या तीन महिन्यांचा अभ्यासक्रम तोच.

मी पहिल्यांदा असा गेलो तेव्हा दुपारपर्यंत चारदा फोनपाशी जाऊन आलो. दुसऱ्या दिवशी कामावर पोचलो तर ट्रॉली एका बाजूला लावलेली, वाळूवर ताडपत्री आणि फळा भरलेला. अक्षर मोल्डरमामांचं होतं. सगळं कन्नडमध्ये. वाचायला मला दोन-तीन मिनिटं लागली, एका शब्दाला तर चहा देणाऱ्या पोराला विचारावं लागलं. तो शब्द "पत्रा" होता, आणि पुढे मामांनी स्वतःचं नाव लिहिलं होतं.